बेटांवरचा उपास

जानेवारीतली जत्रा, आमचा गड्डा, भरला की सोलापुरात वारं फिरतं. दुपारी ऊन चटके देतं आणि पाच वाजले की खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. मैदानात पाळणे उभे राहतात, हातगाड्यांवर हुरडा येतो, शेजारी शेंगाचटणीच्या पुड्या, आणि सगळं गाव खुशीत असतं. मी तेवढी नसते. चार वर्षं झाली, जानेवारी आला की माझ्या नाकात खारा वास येतो. इथून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र दिवसभराच्या वाटेवर. तरी येतो. काल गच्चीवर चादर वाळत घालताना आला आणि मी चादरीची दोन टोकं हातात धरून तशीच उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "काय झालं हो मावशी?" काय सांगू तिला? म्हटलं, चक्कर आली.

चार दिवसांपूर्वी मठातले दोघे जण घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "काकू, अप्पांचा एक चांगला फोटो द्या की. मठाच्या सभागृहात लावायचाय. खाली लिहिणार, इष्टलिंगासाठी तीन दिवस अन्नपाणी सोडलं म्हणून. नव्या पोरांना कळाय पाहिजे." अप्पा म्हणजे आमचे हे. जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हटलं, शोधून ठेवते. फोटो कपाटात वरच्याच कप्प्यात होता, शोधायचा काय होता? पण लोकांना जी गोष्ट माहीत आहे ती एक आणि घडली ती दुसरी. दुसरी फक्त मला माहीत. यांना होती, ते गेले.

यांचं बाजारात पेंडीचं दुकान होतं. सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, भुसा. चाळीस वर्षं माणूस पोत्यात हात घालायचा, चिमूट बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि मग भाव बोलायचा. दुकान पुतण्याच्या हवाली केलं त्या वर्षी पुण्याची लेक म्हणाली, "अप्पा, आयुष्यभर पेंड हुंगली, आता जरा समुद्र बघा." अंदमानचं बुकिंग करूनच सांगितलं, म्हणजे नाही म्हणायची सोय नको. पाच बेटं, पाच दिवस. हे म्हणाले, "समुद्रात काय ठिवलंय? पाणीच की." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन दोन नवे टॉवेल घेऊन आले.

मी चाळीस कडक भाकरी बांधल्या. विमानतळावरच्या तपासणीवाल्यानं एक उचलली आणि टेबलावर वाजवून बघितली. ह्यांनी त्याला आपल्या सोलापुरी हिंदीत समजावलं, "भाकरी है साब. महिनाभर कुछ नै होता इसकू." तो हसला, मीही हसले. ते हसणं आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, कशाला ते कळत नाही.

पहिल्या बेटावर माणसं होती, दुकानं होती. दुसऱ्यावर कुणी नाही. पुढची बेटंही तशीच. लहान मोटारीची नाव आणि एक म्हातारा नाववाला. त्याचे आजोबा रांचीकडून झाडं तोडायला आले ते तिकडचेच झाले. नाव किनाऱ्याला लावायचा, बोटानं दाखवायचा आणि स्वतः सावलीत आडवा व्हायचा. त्या वाळूवर पायाचा एक ठसा नसायचा. रांगोळी चाळून ठेवावी तशी वाळू, पांढरी, आणि तिच्यावर पाय ठेवायचा मला संकोच वाटायचा. पाणी आधी काचेसारखं, मग हिरवं, मग निळं, आणि त्या निळ्याच्या पलीकडे आणखी एक निळा, त्याला आपल्याकडे नाव नाही. झाडं पाण्यावर वाकलेली. शंख आपले आपण चालायचे; उचलून बघावं तर आत खेकडा. आवाज म्हणाल तर एका लाटेचा आणि तोही लाजत आल्यासारखा. वैरागच्या रानात वाढलेली मी, आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे काळी ढेकळं आणि त्यात एखादं लिंबाचं झाड. देवानं हे सगळं करून ठेवलं आणि कुणाला सांगितलंच नाही की काय, असं वाटलं.

त्या दुसऱ्या बेटावर ह्यांनी वाळू चिमटीत घेतली, बोटांत चोळली, हुंगली. म्हणाले, "मीठ लई हाय. जनावर तोंड लावायचं न्हाय."  थोड्या वेळानं पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्याच्या कडेनं चालायला लागले आणि मागे हात केला, माझ्यासाठी. सदतीस वर्षांच्या संसारात रस्त्यानं चालताना या माणसानं माझा हात धरला नव्हता. मी इकडं तिकडं बघितलं. बघायला होतं कोण? आम्ही ते सगळं बेट हातात हात धरून फिरलो. या सगळ्यातलं सुखाचं म्हणून मला एवढंच सांगता येतं.

तिसऱ्या बेटावर आम्ही सकाळी पोचलो तेव्हा पाणी खूप आत गेलेलं होतं. लांबपर्यंत ओले खडक उघडे पडलेले, मध्ये डबकी, डबक्यात रंगीत मासे. ह्यांना अंघोळ करायची होती. गळ्यात इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, चांदीच्या करडगीत, त्याच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं. आठव्या वर्षी घरच्या गुरूंनी, अय्यांनी, दीक्षा देऊन गळ्यात घातलेलं. आमच्या लिंगायतांत बरेच जण आता सणावारालाच घालतात. मीही त्यातलीच, माझं घरी देव्हाऱ्यात होतं. ह्यांचं तसं नव्हतं. झोपताना नाही, दवाखान्यात नाही, एकदाही ते अंगावेगळं झालं नव्हतं. सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत.

आणि मी म्हटलं, "अहो, खाऱ्या पाण्यात चांदी काळी पडंल. दोरा जुना हाय, लाटेनं तुटला म्हणजे? काढून ठेवा की."

"ऱ्हाऊ दे गं."

"ऱ्हाऊ दे काय? एवढा मोठा समुद्र हाय, गेलं तर हुडकायचं कुठं?"

तीनदा म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी काढलं. माझ्या तोंडाला कंटाळून काढलं, दुसरं कारण नाही. स्वच्छ उपरण्यात गुंडाळलं आणि लांब, उंच दिसणाऱ्या एका कोरड्या खडकावर ठेवलं. वर एक दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. वाऱ्याची काळजी घेतली बघा आम्ही.

आमच्या मुलखात पाणी उतरलं की उतरलं. तळ्याच्या पायऱ्या जानेवारीत उघड्या पडायला लागल्या की पावसाळ्यापर्यंत उघड्याच. उजनी धरणाचं पाणी मागं सरकतं तसे लोक त्या गाळात टरबूज लावतात, काकडी लावतात, निर्धास्त असतात. आटलेलं पाणी त्याच दुपारी परत येतं हे आमच्या डोक्यातच नाही. शाळेत भूगोलात होतं, भरती-ओहोटी. मी पाठ करून लिहिलंही होतं. नाववाल्यानं सांगितलंही होतं, "दोपहर में पानी चढ़ेगा." हे म्हणाले, "चढेगा तो चढेगा." आम्हाला वाटलं, थोडंफार हलत असेल कडेला. आम्ही बेटाला वळसा घालून पलीकडे गेलो, शंख गोळा केले, झाडाखाली पडलो. मला डुलकी लागली. परत आलो तर तो खडकच नव्हता. सगळं निळं, सपाट, सुंदर. मला आधी वाटलं, आपण चुकीच्या किनाऱ्याला आलो.

नाववाला छातीइतक्या पाण्यात उतरला, बुड्या मारल्या, उपरणं मिळालं. रिकामं. हे काठावर उभे. हात छातीवर गेला, तिथं काही नव्हतं, हात तिथंच राहिला. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नको. मी काढलं, मी ठिवलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. मला तोंड होतं, मी भांडले असते.

त्या दुपारपासून अन्नपाणी बंद. इष्टलिंगाशिवाय खायचं नाही, प्यायचं नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, नुसतं केलं. परतायचं विमान दोन दिवसांनी. आधीचं तिकीट मिळेना. लेकीला फोन लागेना. मग नाववाला काय करणार, तो आपला ठरल्याप्रमाणे आम्हाला पुढच्या बेटावर घेऊन गेला.

चौथं बेट सगळ्यांत देखणं होतं. हे मी उगाच म्हणत नाही. निळ्या पाण्यात अर्धचंद्रासारखी वाळू, मागे गर्द झाडी, एका झाडावरून दुसऱ्यावर पोपट जात होते. आणि त्या वाळूवर माझा नवरा कोरड्या ओठांनी बसलेला, साखरेचा रोगी, आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नाही. सुंदर जागेत दुःख झालं ना, तर ते ठेवायला जागा सापडत नाही. घरी उंबऱ्यावर बसता येतं, शेजारीण येते, कुणीतरी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवतं. तिथं काही नव्हतं. त्या समुद्राला आमचं काही देणंघेणं नव्हतं, आणि असं काही देणंघेणं नसलेलं इतकं चांगलं दिसावं, याची मला चीड आली. अजूनही कुणाच्या मोबाइलवर असल्या बेटांचा फोटो दिसला की मी मान वळवते.

मीही खात नव्हते. रागानं नाही, हट्टानंही नाही, घास जात नव्हता. त्या दिवशी दुपारी मला उन्हात अंधारी आली आणि मी वाळूवर बसले ती आडवीच झाले. ह्यांनी नाववाल्याला हाक मारली. त्यानं शहाळं फोडून आणलं. ह्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि शहाळं तोंडाला लावलं. मी तोंड मिटून घेतलं.

"पी गं. मराय लागलीस का?"

"तुमी घ्या आदी."

"मला न्हाय चालत. ठाऊक हाय न्हवं तुला?"

"मग मलाबी न्हाय चालत."

ते माझ्याकडं बघत राहिले.  मग समुद्राकडं बघितलं. मग ते शहाळं त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावलं आणि दोन घोट घेतले.  उरलेलं मला पाजलं. मी पिशवीतून भाकरी काढली, शहाळ्याच्या पाण्यात भिजवली. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी मी. खाताना ते चावत नव्हते, नुसतं गिळत होते. आठव्या वर्षापासून कुणी मोडला नव्हता तो नेम मी मोडायला लावला, आणि खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला बरं वाटलं. माणूस जगला म्हणून बरं वाटलं.

पाचव्या बेटावर आम्ही उतरलोच नाही. लांबून बघितलं. त्यानंतर त्यांनी सोलापूरपर्यंत काही घेतलं नाही. मी पुन्हा गळ घालायला गेले तर हात जोडले. नवऱ्यानं हात जोडल्यावर बायकोनं काय बोलायचं?

अय्या दुसऱ्याच दिवशी घरी आले. नवं इष्टलिंग देण्याचा विधी झाला, भाऊबंद जमले होते. पुतण्यानं लेकीकडून ऐकलं होतं तेवढं सगळ्यांना सांगितलं, आणि तिथल्या तिथं गोष्ट तयार झाली. तीन दिवस. समुद्रात. पाण्याचा थेंब नाही. बायका ह्यांच्या पाया पडल्या. हे पाय मागे घेत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आमची नजरानजर झाली आणि मी आत वळले. नंतर मठात, लग्नाकार्यात, कुठंही गेलं की तीच गोष्ट. मी ऐकायची आणि मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, विनयानं.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. सकाळी जेवायचे ते जेवायचे, संध्याकाळी ताट वाढलं की, "भूक न्हाय." रोज. मी आधी काळजीनं विचारलं, मग चिडून. माझी जीभ मुळातच तिखट. "माझ्या हातचं आता गोड लागत न्हाय व्हय?" म्हटलं. "एकदा चुकले, किती दिवस धरून बसणार हाय?" म्हटलं. एकदा तर वाढलेलं ताट त्यांच्यासमोरून उचलून गाईला घालून आले. ते म्हणाले, "बरं केलंस." मला पक्कं वाटत होतं, हा माणूस माझ्यावर रागावलाय, तोंडानं बोलत नाही, पोटानं बोलतोय. आणि मग एका सकाळी दाढी करता करता मोरीत पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, साखर एकदम खाली गेली. काल संध्याकाळी साखरेची गोळी घेऊन जेवले नव्हते का? मी म्हटलं, त्यांना संध्याकाळी भूकच नसते. रुद्रभूमीत, आमच्यात बसवून पुरतात तसं, त्यांना बसवलं तेव्हा डाव्या तळहातावर नवं इष्टलिंग ठेवलं. वर्षही झालं नव्हतं त्याला. मला वाटलं, यांना ते परकं वाटत असेल.

तर तो फोटो. दोन दिवस मी तो टेबलावर ठेवून त्याच्यापुढून ये-जा केली. द्यावा, तर मेलेल्या माणसाच्या नावानं भिंतीवर खोटं लागणार, आणि त्यांना खोटं कधी सहन झालं नाही. पेंडीत माती मिसळणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. न द्यावा, तर कारण सांगावं लागणार. काल चादर टाकून खाली आले, फोटो पिशवीत घातला आणि मठात गेले.

अय्या आता ऐंशीच्या पुढे गेलेत. ओट्यावर उन्हाला बसले होते. आम्हा बायकांना ते अव्वा म्हणतात. "या अव्वा, बसा," म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्यानंच सांगितलं, "अय्या, हे भिंतीवर लावू नका. ते जेवले होते. चौथ्या बेटावर. मी जेवायला लावलं. पाप माझं हाय."

त्यांनी फोटो लांब धरून बघितला.  मग म्हणाले, "मला ठाऊक हाय की."

"कसं?"

"त्येंनीच सांगितलं. नवं इष्टलिंग घ्यायच्या आदी मला बाजूला नेलं. म्हणले, अय्या, मी खाल्लंय. काय प्रायश्चित्त आसंल ते द्या. पर चारचौघांत बोलू नका, लोक तिला बोल लावत्याल." अय्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "मी म्हटलं, जप करा, बास हाय. त्येंना ते कमी वाटलं. म्हणले, वरीसभर एकच वेळ जेवतो. साखरेचं मला कुणी बोललं न्हाय, अव्वा. मला वाटलं, तुमाला ठाऊक आसंल. घरात बाईमाणसाला ठाऊक आसतंच की."

मी तेव्हा खाली बसले.

अय्या फोटोचं काय करायचं विचारत होते. मी म्हटलं, ठेवून घ्या, खाली काही लिहू नका. ते बरं म्हणाले. बाहेर गड्ड्याचे कर्णे लागले होते, पोरं पिपाण्या वाजवत चालली होती. मी त्या गर्दीतून घरी आले, दिवा लावला, एकटीचं ताट वाढून घेतलं आणि त्याच्यापुढं बसून राहिले. ते वर्ष माझ्यासमोर एकेक संध्याकाळ करून उभं राहायला लागलं. कुठल्या दिवशी काय वाढलं होतं आणि त्यावर मी काय बोलले होते, सगळं. ते प्रत्येक वेळी ऐकून घेत होते. एवढं एक वाक्य माझ्याजवळ बोलले असते, तर मीही वर्षभर एकच वेळ जेवले असते. ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून बोलले नाहीत.